गुवाहाटीचं हॉटेल पाठ, आपला पार्षद (नगरसेवक) कोण ते माहीत नाही: बातम्या आपल्यावर काय करतात ते घरच्या घरी कसं तपासायचं

२०२२ च्या जून-जुलैची गोष्ट. इंदूरला नगर निगमची निवडणूक, ६ जुलैला मतदान, आणि आमच्याकडे लोकमान्य नगरात सकाळच्या चहापासून रात्री झोपेपर्यंत टीव्हीवर एकच, शिंदेंचे आमदार सुरतेहून गुवाहाटीला, गुवाहाटीहून गोव्याला, कोण कुठल्या विमानात बसलं, कोणाचा फोन लागत नाहीये. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" आईला पाठ, बाबा तर शहाजीबापूंच्या आवाजात म्हणून दाखवायचे. मतदानाच्या आदल्या रात्री मी सहज विचारलं, बाबा, आपल्या वॉर्डातून उभं कोण आहे हो? ते आईकडे बघायला लागले, आई त्यांच्याकडे. निगमचे ८५ वॉर्ड, त्यातला आपला कितवा हेसुद्धा मतदानाची चिठ्ठी शोधून काढल्यावर कळलं. जिथे आमचं मत नाही तिथले चाळीसेक आमदार माहीत, आणि जिथे आहे तिथे हे असं.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, कुठल्याही बाहेरच्या मराठी घरात हे थोडंफार असंच असणार. बातम्या मराठी चॅनलवर मुंबई-पुण्याच्या, आणि नळ, रस्ता, शाळा इथल्या. म्हणून आपल्याला हा प्रयोग करायला उलट सोपं जातं, फरक लगेच दिसतो. मी तो घरी केला, आठ दिवस, बाबांची कटकट ऐकत ऐकत. तो कसा करायचा ते लिहितेय.

एक शंभर पानी वही घ्या, मोबाईलवर नको, मोबाईल हातात घेतला की बातमी आधी येते आणि वही राहते. सकाळी पेपर उघडायच्या आधी पाच ओळी लिहायच्या: गेल्या महिन्यात आपल्या घराला कशाचा त्रास झाला किंवा कशाची काळजी वाटली. घरातल्या प्रत्येकाने वेगळं लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही. मग रात्री जेवण झाल्यावर दुसऱ्या पानावर लिहायचं की आज दिवसभर राजकारणाचं म्हणून आपण काय काय बोललो. बस. पहिले तीन दिवस एवढंच, काही निष्कर्ष काढू नका, नाहीतर पाहिजे तेच दिसायला लागतं.

आईच्या पहिल्या पानावर होतं: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड आणि तेही पहाटे, लाइटचं बिल, भाच्याच्या शाळेची फी, गुडघे, कॉलनीतले कुत्रे. रात्रीच्या पानावर होतं: शरद पवार काय करतील, ठाकरे बंधू, दिल्लीतला कुठलातरी गोंधळ, एका नटीचं लग्न (हे राजकारण नाही असं मी म्हटलं, ती म्हणाली लिही, त्यात मंत्री आले होते). दोन पानांत एकही गोष्ट सारखी नाही. तिलाच हसू आलं.

याला अभ्यासवाले अजेंडा सेटिंग म्हणतात. अमेरिकेत १९६८ च्या निवडणुकीत मॅकोम्ब्स आणि शॉ या दोघांनी चॅपेल हिल गावातले १०० मतदार गाठले, कुणाला मत द्यायचं ते न ठरलेले, त्यांना विचारलं महत्त्वाचे मुद्दे कोणते, आणि दुसरीकडे त्याच दिवसांतल्या पेपर-टीव्हीच्या बातम्या मोजल्या. दोन्ही याद्या बऱ्याचशा जुळल्या. १९७२ मध्ये ते छापून आलं. तर मुद्दा असा की मीडिया आपलं मत बदलतो की नाही यावर आपण भांडत बसतो, पण त्याच्या आधीच एक काम झालेलं असतं, कशावर भांडायचं ते ठरलेलं असतं. आणि मत देताना जे डोक्यात वर असतं त्याच मापाने आपण उमेदवार मोजतो. पाणी वर असेल तर पार्षदाला पाण्यावरून मोजू, गुवाहाटी वर असेल तर कशावरून मोजणार?

चौथ्या दिवसापासून हेडिंग. हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे थोडं लांबेल.

एक निकाल घ्यायचा आणि त्याची तीन हेडिंगं स्वतः बनवायची, तिन्ही खरी पाहिजेत, खोटं एकही चालणार नाही. आम्ही आपलीच २०२४ ची लोकसभा घेतली. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेले. काँग्रेस मग लोकांना म्हणाली नोटा, म्हणजे "यापैकी कोणीही नाही" चं बटण, दाबा. १३ मेला मतदान झालं, ४ जूनला आकडे आले: भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१, नोटा २,१८,६७४, आणि त्याखाली बसपाचा उमेदवार ५१,६५९. आता दादाने लिहिलं, "लालवानी पावणेबारा लाखांनी विजयी". मी लिहिलं, "इंदूरमध्ये नोटाचा देशात विक्रम, बिहारमधल्या गोपालगंजचा २०१९ चा ५१,६६० चा आकडा मागे". बाबांनी लिहिलं, "मुख्य विरोधक मैदानात नसताना भाजपचा विजय". तिन्ही बरोबर, आणि तिन्ही वाचून माणूस वेगवेगळा चेहरा करतो, एकाला अभिमान, एकाला राग, एकाला वाटतं यात काय एवढं.

आणि आता कागदावर वजाबाकी करा, कारण गंमत तिथे आहे. ते पावणेबारा लाख म्हणजे ११,७५,०९२ कुठून आले? १२,२६,७५१ मधून बसपाचे ५१,६५९ वजा केले. नोटा हा उमेदवार नाही ना, त्यामुळे फरक मोजताना तो धरत नाहीत. नोटापासून मोजलं तर १०,०८,०७७ येतो. म्हणजे नियमाने पहिलाच आकडा बरोबर, पण मतांमध्ये दुसऱ्या नंबरवर जो होता तो हिशोबातच नाही, हे हेडिंग वाचून कळत नाही, आकडे स्वतः मांडल्यावर कळतं. दादा अर्धा तास यावर वाद घालत होता, शेवटी कॅलक्युलेटर घेऊन बसला.

फोटोलाही हेच लावायचं. इंदूरच्या बीआरटीएसचं, म्हणजे आयबससाठी रस्त्यात राखलेल्या वेगळ्या लेनचं आठवतंय ना, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने काढायला परवानगी दिली. त्या दिवसांत ज्या बातमीत जाममध्ये अडकलेल्या गाड्यांचा फोटो होता ती वाचून वाटायचं कधी एकदा हटतंय, आणि जिथे आयबसमध्ये उभ्या कॉलेजच्या मुलींचा फोटो होता तिथे वाटायचं अरे यांचं काय. मी स्वतः दुचाकीवाली, त्यामुळे मला पहिला फोटो लवकर पटला, हे कबूल. म्हणून वहीत प्रत्येक बातमीखाली एक प्रश्न: या फोटोत कोण नाहीये?

पाचव्या दिवशी बातमी कुठून आली ते बघा. पेन्सिल घेऊन पहिल्या पानावरच्या प्रत्येक बातमीत बोलणारी माणसं अधोरेखित करा. मंत्री, अधिकारी, प्रवक्ता, नेता, नेता... ज्याच्यावर बीतली तो माणूस किती वेळा बोलतो ते मोजा. मग दोन वेगवेगळे पेपर शेजारी ठेवून एकच बातमी वाचा. वाक्यंच्या वाक्यं सारखी असली तर ती बहुतेक प्रेस नोट असते. प्रेस नोट छापणं गुन्हा नाही, पण मग ती त्या खात्याचं म्हणणं म्हणून वाचायची, पेपरने शोधून काढलं म्हणून नाही. आणि पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात जाहिरात, अ‍ॅडव्हर्टोरियल, इम्पॅक्ट फीचर असं काही आहे का ते चष्मा लावून बघा. बाबांनी एक पूर्ण पान "छान लिहिलंय" म्हणून वाचलं होतं, कोपरा दाखवल्यावर गप्प बसले.

ज्यावर तेवढंही लिहिलेलं नसतं ती पेड न्यूज. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी एकाच नेत्याचं कौतुक, तोच मजकूर, वेगवेगळ्या पेपरांत आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणलं, मग २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या समितीने त्यावर अहवाल केला. पण सिद्ध करणं फार अवघड असतं. आपल्याच मध्य प्रदेशात दतियाचे आमदार नरोत्तम मिश्रांना निवडणूक आयोगाने पेड न्यूजच्या खर्चावरून २०१७ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं आणि २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. त्यामुळे कुठल्याही कौतुकाच्या बातमीला लगेच "पैसे घेतले" म्हणत सुटू नका, पुरावा नसतो आपल्याकडे. निवडणुकीच्या काळात शंका आलीच तर जिल्ह्यात यासाठी एमसीएमसी नावाची कमिटी बसते, तिच्याकडे कात्रण द्यायचं.

टीव्हीच्या आरडाओरड्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच लक्षात ठेवा की २०२० च्या सुमारास अख्ख्या देशाची टीआरपी ४४ हजारांच्या आसपास घरांतल्या मीटरवरून ठरत होती, आणि त्याच वर्षी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण निघालं तेव्हा बार्कने (टीआरपी मोजणारी संस्था) ऑक्टोबरपासून न्यूज चॅनलांचे आकडेच थांबवले, ते परत आले मार्च २०२२ मध्ये. आकडे बंद होते तेव्हाही चर्चेत आठ खिडक्या आणि ओरडणं चालूच होतं, त्यामुळे सगळा दोष मीटरला देता येत नाही. एक करून बघा, चर्चा म्यूट करा आणि फक्त खालच्या पट्ट्या वाचा. प्रश्नचिन्ह असलेल्या किती ते मोजा. "अमक्याचा डाव उघड?" असं प्रश्नचिन्ह लावलं की चॅनलने काही म्हटलेलंच नसतं, म्हटलेलं आपण असतो.

एक्झिट पोल आला की वहीत चार गोष्टी लिहायच्या: किती लोकांना विचारलं, कधी, पैसे कोणी दिले, आणि सांगताहेत ते मतांचे टक्के आहेत की जागा. टक्क्यांवरून जागा काढणं हा वेगळाच अंदाज असतो, त्यात घसरायला भरपूर जागा आहे, आणि विचारलेली माणसं एकाच प्रकारची असली तर लाखभर विचारूनही उपयोग नाही. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक सगळ्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर दिल्या होत्या, आल्या २९३. मधल्या ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार पॉइंट चढला आणि निकालाच्या दिवशी ४,३९० ने पडला. आमच्या ओळखीतले एक काका त्या ३ तारखेला खरेदी करून बसले होते. त्यांच्यापुढे अजूनही विषय काढत नाही आम्ही.

व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र रोज करायचं. एखादी गोष्ट खरी वाटते का, असं स्वतःला विचारून काही होत नाही, कारण तीच गोष्ट तीनदा आली की ती खरी वाटायलाच लागते, यावर १९७७ पासून प्रयोग झालेले आहेत. त्याऐवजी विचारायचं, मी हे पहिल्यांदा कुठे वाचलं? आठवलं नाही तर पुढे पाठवायचं नाही, एवढा एकच नियम. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, निम्मे वेळा तो जुना किंवा दुसऱ्याच देशातला निघतो. आणि फॅमिली ग्रुपवर मामाला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नाही, त्याला वेगळा मेसेज करायचा, "मामा, हे २०१८ चं आहे बहुतेक, बघ ना जरा." मी एकदा ग्रुपवरच पाडलं होतं. दिवाळीला फराळाचा डबा आला नाही.

आता उलट बाजू, कारण नुसतं संशयाने वाचत बसलं की माणूस पेपरच बंद करतो आणि ते जास्त वाईट. बेस्ली आणि बर्गेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ ते १९९२ ची भारतातल्या राज्यांची आकडेवारी बघून २००२ मध्ये दाखवलं की जिथे पेपर जास्त खपतात तिथली सरकारं दुष्काळ-पुरात जास्त हालचाल करतात, आणि त्यात प्रादेशिक भाषांतल्या पेपरांचा वाटा मोठा. इंदूरला तर हे सांगायलाच नको, १९४७ मध्ये इथे नईदुनिया हा हिंदी पेपर निघाला, आपले राहुल बारपुते त्याचे संपादक, राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी हे हिंदीतले मोठे संपादक तिथूनच पुढे गेले. आमचे आजोबा दर महिन्याला संपादकाला पत्र लिहायचे, हिंदीत, मराठी वळणाच्या अक्षरात.

तर आपल्या वहीच्या पहिल्या पानावरची गोष्ट दुसऱ्या पानावर आणायची असेल तर हे करा. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं होतं, तक्रारी करून झाल्या होत्या. आम्ही नेत्याला न बोलावता सिटी रिपोर्टरला फोन केला, सकाळी अकराच्या आधी, संध्याकाळी त्यांची बातम्या लिहायची घाई असते. फोटो दिवसाउजेडी काढला, चपला हातात घेऊन शाळेत निघालेली मुलं दिसतील असा. तारखा लिहून दिल्या: तुंबलं कधी, तक्रार कधी, नंबर काय. "प्रशासन झोपलंय" वगैरे काही लिहिलं नाही, ते त्यांच्याकडे तयार असतं. तिसऱ्या दिवशी चार कॉलम आली, चौथ्या दिवशी गाडी आली. पाचव्या दिवशी "बातमीचा परिणाम, समस्या सुटली" हेही छापून आलं. दहाव्या दिवशी परत तुंबलं, तेव्हा फोन केला तर म्हणाले मॅडम, ती स्टोरी झाली ना.

त्यामुळे कात्रण जपून ठेवायचं, आणि "समस्या सुटली" वालं जास्त जपून. पार्षद मत मागायला येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवायला. आईने ती वहीत चिकटवलीत, पहिल्या पानावर, कुत्र्यांच्या ओळीखाली. पार्षदाचा नंबरही तिथेच लिहिलाय.