गावच्या नळयोजनेचे ईपानेट मॉडेल कसे करावे

नळयोजनेच्या अंदाजपत्रकासोबत ईपानेटचे, म्हणजे पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे, आउटपुट जोडलेले असते आणि त्यात प्रत्येक नोडला (जाळ्यातल्या बिंदूला) पुरेसा दाब दिसतो. योजना सुरू झाली की उंचावरच्या वस्तीत बादली भरत नाही. यामागचे सर्वांत नेहमीचे कारण असे, की मॉडेलमध्ये पाणी दिवसभर वाहते, गावात मात्र ते सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तासच सुटते. म्हणून मॉडेल करायला बसण्याआधी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडून वेळापत्रक लिहून घ्या: कोणता व्हॉल्व्ह, किती वाजता, किती वेळ.

ईपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मोफत सॉफ्टवेअर आहे. नकाशासाठी क्यूजीआयएस घ्या, तेही मोफत. दोन हजार वस्तीच्या गावाला चाळीस-पन्नास नोड पुरतात. प्रत्येक नळजोडणी दाखवायची गरज नाही. जिथे फाटा फुटतो, व्यास बदलतो, चढ किंवा खोलगट भाग येतो आणि जिथे लाइन संपते, तिथे नोड हवाच.

नकाशा यूटीएम प्रणालीत ठेवा; तीत ठिकाणे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजतात आणि पृथ्वीचे झोन पाडलेले असतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग झोन ४३ मध्ये येतो, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडचे नागपूर, वर्धा, चंद्रपूर झोन ४४ मध्ये. अक्षांश-रेखांशातच नोड आयात केले, तर पाइपांच्या लांब्या अंशांत मोजल्या जातात आणि पाचशे मीटरची लाइन शून्याजवळ येते. ईपानेट उघडल्यावर पहिले काम प्रवाहाचे एकक एलपीएस (लिटर प्रति सेकंद) करण्याचे. मूळ सेटिंग गॅलनचे असते.

पातळ्या

खर्च करायचाच असेल तर इथे करा. उपग्रहाच्या मोफत उंचीनकाशात काही मीटरची चूक सहज असते आणि आपल्याला नळाशी हवा असतो जेमतेम ७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब (दुमजली घरांना १२). म्हणजे पातळीतली चूकच सगळा दाब खाऊन टाकू शकते. ऑटो लेव्हल (सर्वेक्षणाची दुर्बीण) किंवा डीजीपीएसने (अचूक उपग्रह-मापनाने) पातळ्या घ्या. डीजीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते; महाराष्ट्रात ती साठ-सत्तर मीटरने कमी येते. सगळ्या नोडना तीच पद्धत वापरली तर फरक पडत नाही. टाकीची पातळी जुन्या नकाशावरून आणि गल्ल्यांची डीजीपीएसवरून घेतली, की मॉडेल वाया गेले.

टाकीच्या नोंदीत तळाची पातळी द्यायची असते, पाण्याची नव्हे. जमीन ५६२ मीटरवर आणि स्टेजिंग (जमिनीपासून टाकीच्या तळापर्यंतची उंची) १२ मीटर असेल, तर ५७४. दाब तपासताना टाकी जवळपास रिकामी धरा. भरलेल्या टाकीवर काढलेला दाब तासाभरात उतरतो.

मागणी

२०११ च्या जनगणनेत वाडीनिहाय आकडे नीट मिळत नाहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या (घरपट्टी आकारणीच्या) नोंदवहीतून गल्लीवार घरे मोजा आणि जवळच्या नोडला वाटा. संकल्पित लोकसंख्या २,०००, जलजीवन मिशनप्रमाणे माणशी ५५ लिटर आणि १५ टक्के गळती धरली, तर रोज १,२६,५०० लिटर होतात. चोवीस तासांची सरासरी सेकंदाला १.४६ लिटर. प्रचलित कमाल गुणक ३ लावला की ४.४.

पण तेवढेच पाणी चार तासांत द्यायचे, तर प्रवाह ८.८ होतो. प्रवाह दुप्पट झाला की घर्षणात जाणारा दाब दुप्पट होत नाही, साडेतीन पटींहून जास्त होतो. म्हणून पॅटर्नमध्ये (सरासरी मागणीला तासागणिक लावायच्या गुणकांच्या यादीत) सकाळी सहा व सात आणि संध्याकाळी सहा व सात या तासांना गुणक ६ द्या, बाकी तासांना ०. चोवीस तासांची बेरीज २४ आली पाहिजे. आळीपाळीने पाणी सोडत असाल तर प्रत्येक विभागाला वेगळा पॅटर्न लागतो आणि त्याचा गुणक आणखी वाढतो.

पाइप

एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपवर लिहिलेला व्यास बाहेरचा असतो. पीएन १० या दाबवर्गाचा ९० मिमी पाइप आतून साधारण ७९ मिमी भरतो. मॉडेलमध्ये ९० टाकले तर घर्षण प्रत्यक्षाच्या जवळजवळ निम्मेच दिसते. ही चूक इतकी सरसकट आढळते, की दुसऱ्याचे मॉडेल तपासताना आधी व्यासांचा तक्ताच उघडावा. हेझन-विल्यम्सचा गुणांक (पाइप आतून जितका गुळगुळीत तितका जास्त) नव्या प्लास्टिक पाइपला १४० ते १४५ चालतो; जुन्या बिडाच्या पाइपला १०० किंवा त्याहून कमी धरा.

फाट्याफाट्यांच्या जाळ्यासाठी कमीत कमी खर्चाचे व्यास आयआयटी मुंबईचे जलतंत्र हे सॉफ्टवेअर सुचवते. ते व्यास घेऊन पुन्हा ईपानेटमध्ये चालवा.

एक सापळा लक्षात ठेवा. नेहमीच्या पद्धतीत ईपानेट दाब असो वा नसो, मागितलेले पाणी दिलेच असे धरते. दाब उणे आला तरी प्रवाह पूर्ण दिसतो. २.२ पासूनच्या आवृत्तीत दाबावर अवलंबून मागणीचा पर्याय आहे. तो निवडला की कोणत्या नोडला किती पाणी कमी पडते ते कळते.

ताळा

जुनी लाइन वाढवायची असेल तर पाच-सहा ठिकाणी प्रेशर गेज लावून एकाच वेळी वाचने घ्या आणि मॉडेलमधल्या दाबाशी त्यांचा फरक पाहा. १ किलो प्रति चौ. सेंमी म्हणजे १० मीटर. एखाद्या शाखेचे सगळे नळ बंद ठेवूनही फरक तेवढाच राहिला, तर पातळी चुकली आहे. प्रवाह वाढला की फरक वाढतो, तेव्हा व्यास तपासा किंवा अर्धवट बंद व्हॉल्व्ह शोधा. जमिनीत गाडला गेलेला व्हॉल्व्ह बहुधा अशा ठिकाणीच सापडतो. जुळवण्यासाठी हेझन-विल्यम्सचा गुणांक ६० पर्यंत खाली ओढायची वेळ आली, तर चूक दुसरीकडे आहे.

कामाच्या आदेशातच अट घाला: अंतिम देयकापूर्वी प्रत्यक्ष टाकलेल्या व्यास-लांबीप्रमाणे सुधारलेली ईपानेटची फाइल ग्रामपंचायतीकडे जमा करावी. नुसती पीडीएफ स्वीकारू नका. पुढे नवी वस्ती जोडताना पीडीएफवर व्यास बदलून पाहता येत नाही.