बर्फातलं केदारनाथ कॅमेऱ्यात नीट यावं म्हणून

एप्रिलअखेर किंवा मेमध्ये मंदिराची कपाटं (दारं) उघडतात तेव्हा मागच्या शिखरांवर भरपूर बर्फ असतो. मंदिर दक्षिणाभिमुख, शिखरं उत्तरेला; म्हणून सकाळीच, ढग चढण्याआधी, समोरून फोटो घ्या. कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) पांढऱ्या बर्फाला करडं धरून चालतो आणि फोटो काळवंडतो. एक्सपोजर (फोटोतला उजेड) +१ ते +१.७ वाढवा, पण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकू देऊ नका.

३,५८३ मीटरवरच्या थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. जादा दोन आतल्या खिशात ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

मंदिरामागची भीमशिला ही प्रचंड शिळा चुकवू नकाच. जून २०१३ च्या पुरात तिनेच लोंढा दुभंगला आणि मंदिर वाचलं. तिचा खरबरीत पोत तिरप्या उन्हात उठून दिसतो. चौकटीत मंदिराची मागची भिंतही घ्या, तरच तिचं मोल कळतं.