1.8 ची लेन्स : रापणीच्या उन्हात आणि दशावताराच्या रात्री

50 एमएम 1.8 लेन्स नवी घेतली की पहिले काही दिवस सगळे ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्समधलं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) सताड उघडं ठेवूनच फिरतात, आणि मग तारकर्लीच्या वाळूवर भर उन्हात फोटो सगळे पांढरेफटक येतात. लेन्सचा काही दोष नाही. कडक उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) 100 ला एफ 16 ठेवलं तर शटर 1/100 सेकंदाच्या आसपास येतं, तेच 1.8 ला न्या, थेट 1/8000 लागतं, वाळूवरून आणि पाण्यावरून उजेड उसळतो तो वेगळाच, आणि बऱ्याच साध्या बॉडीचं शटर 1/4000 लाच थांबतं.

म्हणून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोरी, माणसांची रांग, मागचा समुद्र असं सगळं हवं असेल तर सरळ एफ 8 आणि 1/500 च्या आसपास, तिथे 1.8 चं कामच नाही. पण एकाच रापणकाराचा चेहरा हवाय आणि मागची गर्दी ब्लर करायचीय, तर एनडी 8 फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा, तो तीन स्टॉप उजेड कापतो, दर स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे 1/8000 चं 1/1000 होतं. फिल्टर नसेल तर माणसाला माडाच्या सावलीत घ्या, मला तर तोच उजेड जास्त आवडतो. ओल्या मासळीच्या चमकत्या कडांना जांभळी किनार येते, 2.8 वर आलात की बरीच कमी होते.

खरी मजा रात्री. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स 50 ला 5.6 च्या आसपास अडकते, 1.8 त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते, म्हणजे जिथे आयएसओ 6400 लागायचा तिथे 640 वर भागतं. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे दशावतार, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य, रात्रभर चालतो, तिथे आधी शटर ठरवा, राजा बाकावर बसून बोलतोय तर 1/100 पुरतं, तलवारी निघाल्या की 1/250 तरी हवंच, मग आयएसओ 3200 गेला तरी जाऊदे, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, फोटोत काळे पट्टे दिसले तर 1/100 किंवा 1/50 वर या, नाहीतर कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तो ऑन करा, आणि सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर अशा लाइटला टाळाच.

मागे काळोख असतो म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि रंगवलेला चेहरा जळतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सेटिंग) उणे 1 करून बघा. फोकस तर फारच नाजूक, क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर दोन मीटरवरून 1.8 ला जेमतेम 11-12 सेंटीमीटर शार्प राहतं, कॅमेरा मुकुटावर फोकस करतो आणि डोळे सुटतात. सिंगल पॉइंट डोळ्यावर ठेवा, किंवा मागे सरकून पाच मीटरवर जा, तिथे तीच जागा पाऊण मीटरच्या आसपास होते. फ्लॅश कृपा करून नको, समोर तलवार फिरवणारा माणूस आहे, त्याचे डोळे दिपतात.

एसी रूममधून लेन्स थेट बाहेरच्या दमट हवेत काढू नका, आतपर्यंत धुकं धरतं, बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहूदे. किनाऱ्यावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग ओलसर कपड्याने बॉडीवरचा खार पुसा, आणि पावसाळ्यात सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यातच ठेवा, इकडे बुरशी फार लवकर धरते.