कॅसेट, मासिकं आणि परकर-पोलकं: एका ट्रंकेत कोंबू नका

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली की बहुतेक घरांत हेच निघतं. तळाशी परकर-पोलकं आणि एखादी जरीची कुंची, मध्ये सुतळीने बांधलेला मासिकांचा गठ्ठा, वर बुटाच्या खोक्यात कॅसेटी आणि सगळ्यांवर मूठभर डांबराच्या गोळ्या. ठेवणाऱ्याने जपूनच ठेवलेलं असतं, पण या तीन वस्तू एकमेकींना खातात. पोलक्याला लावलेल्या खळीच्या वासावर कसर येते आणि तिथून मासिकांत शिरते. मासिकाच्या कागदातलं आम्ल कापडावर पिवळे डाग पाडतं. डांबरगोळी जरीला टेकली की डाग धरतो, आणि तिच्या वाफेने कॅसेटच्या डबीचं प्लॅस्टिकसुद्धा मऊ पडतं. म्हणून पहिलं काम हे की तिघांचे तीन डबे करा.

हे काम दिवाळी ते होळी या दिवसांत काढा. नाशिकची हवा तेव्हा कोरडी असते. श्रावणात ट्रंक उघडली तर बाहेरची ओल आत कोंडली जाते.

कॅसेटीपासून सुरुवात करा, कारण वेळ त्यांचाच कमी उरला आहे. आधी दोन ढीग करा. विकत आणलेल्या कॅसेटीतली गाणी बहुतेक वेळा दुसरीकडे मिळतात. घरी भरलेल्या कॅसेटी मात्र जगात एकेकच असतात: आजीच्या ओव्या, बारशाचे पाळणे, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली गाणी. हा ढीग आधी घ्या. मागची दोन प्लॅस्टिकची कानं शाबूत असतील तर लगेच तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट लावू नका. एकीची बुरशी यंत्राला लागते आणि यंत्रातून बाकीच्यांना. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे सुकवा. मग तोंडाला मास्क लावून गच्चीवर, कोरड्या मऊ कापडाला अलगद टेकवत फीत हाताने गुंडाळा.

आवाज दबका येत असेल तर आधी फितीला दोष देऊ नका. कॅसेटच्या उघड्या कडेकडे बघा. मधोमध पितळी पट्टीच्या स्प्रिंगवर नमद्याचा एक चौकोनी तुकडा असतो. तोच फितीला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याचा गोंद वाळला की तुकडा गळून पडतो आणि आवाज उशीतून आल्यासारखा वाटतो. यावर उपाय असा. स्क्रूची एखादी निकामी कॅसेट घ्या. दोन्हींचे पाच-पाच स्क्रू काढा: चार कोपऱ्यांचे आणि एक मधला. कॅसेट टेबलावर आडवी ठेवूनच वरचं झाकण सरळ उचला. तिरकं उचललं तर कोपऱ्यांतल्या चाकांच्या बारीक पिना उडतात. आता निकामी कॅसेटची दोन्ही चाकं फितीसकट बाहेर काढा आणि तुमची दोन्ही त्या घरात बसवा. फीत कोपऱ्यांतल्या चाकांच्या बाहेरून आणि नमद्याच्या पुढून जाते. पीळ पडलेला नाही हे बघून मग झाकण लावा. स्क्रू पूर्ण आवळू नका, नाहीतर चाकं अडतात. कॅसेट चिकटवलेल्या बनावटीची असेल तर सांध्यावरून ब्लेड थोडं थोडं फिरवून उघडा आणि आतला ऐवज असाच दुसऱ्या घरात हलवा.

तुटलेली फीत सेलोटेपने जोडायची चूक घरोघरी झालेली आहे. सेलोटेपचा गोंद कडेने पाझरतो आणि फितीचे पुढचे वेढे एकमेकांना चिकटतात. ३.८१ मिलिमीटर रुंदीची खास स्प्लाइसिंग टेप मिळते, तीच वापरा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत एकदम कापा, एकमेकांना भिडवा आणि टेप मागच्या अंगाने लावा, म्हणजे हेडला न टेकणाऱ्या बाजूने.

यंत्रावर भरवसा ठेवण्याआधी एखादी नको असलेली कॅसेट लावून बघा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसा. रबरी रोलरला मात्र नुसतं ओलसर फडकं पुरे. आतला रबरी पट्टा सैल किंवा चिकट झाला असेल तर गाणं हेलकावे खातं. पट्टा बदलल्याशिवाय काही भरून घेऊ नका. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे करून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेले वेढे सुटतात. फीत चालताना किंचाळली तर तिथेच थांबा. ओढत नेली तर तिच्यावरचा थर खरवडला जातो.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून थेट लॅपटॉपला जोडण्याचा मोह होतो. पण बहुतेक लॅपटॉपचं ते भोक माइकचं असतं, एकाच चॅनलचं, आणि त्यात आवाज फाटतो. लाइन-इन, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घेण्याचं भोक, असलेलं यूएसबी साउंड कार्ड मध्ये घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास यावा. एका तासाला सुमारे ९५० एमबी जागा लागते. ही मूळ फाइल तशीच ठेवा आणि सफाई करायची तर तिच्या प्रतीवर करा. खरं सांगायचं तर घरच्या रेकॉर्डिंगमधली सफाई टाळलेलीच बरी. ओवीच्या मागे कुकरची शिट्टी आणि अंगणातला रहाट ऐकू येतो, तेही त्या घराचंच रेकॉर्डिंग आहे.

मासिकांकडे वळताना आधी एक शोध घ्या. 'किशोर'चे १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत, ते स्कॅन करत बसू नका. त्यांवर कोणी नाव घातलं असेल, शब्दकोडं सोडवलं असेल, तेवढीच पानं टिपून घ्या.

अंकाच्या पाठीतल्या गंजलेल्या पिना आतून सरळ करून काढा आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घाला. कसर दिसली तर अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. फाटलेल्या पानासाठी एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, गार करा आणि त्याच दिवशी वापरा. त्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत होती. तिने किडा लागत नाही, पण तांब्याच्या क्षाराने कागद ठिसूळ होतो. वरून जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी लावा. संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद नको, ओला झाला की त्याचा रंग उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही.

टेरिकॉटचे बेलबॉटम धुऊन, वाळवून ठेवले की झालं. सुती फ्रॉक आणि खणाची पोलकी यांची खळ मात्र पूर्ण धुऊन काढा. खणाचा रंग जातो का ते आधी आतल्या शिवणीवर ओला कापूस दाबून बघा. हूक आणि प्रेसबटणं उसवून छोट्या पाकिटात घाला, कारण गंजाचा डाग निघत नाही. चिकट झालेलं इलॅस्टिकही काढा. पैठणीची कुंची किंवा परकर घरी धुऊ नका आणि जरीवर इस्त्री फिरवू नका. धुऊन मऊ केलेल्या मांजरपाटात गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला. रेशीम विरतं ते घडीच्या रेषेवरच. विरलंच असेल तर पैठणी विणणाऱ्यांचं येवला नाशिकपासून ८० किलोमीटरवर आहे. रफूसाठी मागावर बसणाऱ्या विणकरालाच दाखवा.

ठेवायची जागा नीट निवडा. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत तळमजला नको. पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढतं हे नाशिककरांना सांगायला नको. पत्र्याखालचा माळाही नको, एप्रिल-मे महिन्यांत तिथे कॅसेट वाकते. मधल्या खोलीतलं आतल्या भिंतीचं कपाट उत्तम. ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्र घालू नका, मांजरपाटच घाला. कॅसेटी उभ्या ठेवा आणि स्पीकरपासून दूर ठेवा.

प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी हवी, आणि ती पेन्सिलीने लिहिलेली हवी, बॉलपेनची शाई पसरते. कोणाचा आवाज, कोणाचं पोलकं, कुठलं साल. घरातल्या थोरांना कॅसेट ऐकवतानाच हे विचारून घ्या. मध्येच खोकणारं कोण, हसणारं कोण, हे त्यांना आवाजावरून ओळखू येतं. ती नावं मिनिट-सेकंदासह चिठ्ठीवर लिहा.