सुरुंगाचा हादरा मोजण्यापूर्वी पायाखालचे थर पाहा

काळ्या दगडाच्या खाणीतला सुरुंग आपल्या घराला किती हादरवेल, हे गोव्यात बहुतेक जण अंतरावरून ठरवतात. अंतराला महत्त्व आहेच, पण थरांचा क्रम ठाऊक नसेल तर हिशेब अर्धवट राहतो. (चिरेखाणीची गोष्ट वेगळी, तिथे चिरे, म्हणजे जांभ्याचे ठोकळे, सहसा यंत्राने कापून काढतात.)

थर पाहायची सर्वांत सोपी जागा म्हणजे विहीर. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की न बांधलेल्या भागात पठारावर साधारण असा क्रम दिसतो: वर कडक, सच्छिद्र जांभा, त्याखाली पिवळट, गुलाबी किंवा पांढरी मऊ चिकणमाती आणि तळाशी कठीण खडक. खाजनाकाठी, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीजवळ, वर गाळ असतो. प्रत्येक थराची जाडी आणि पाण्याची पातळी लिहून घ्यावी.

नंतर प्रत्येक थराची घनता (घनसेंटिमीटरला ग्रॅम) आणि त्यातील दाबलाटेचा, म्हणजे माती-खडक दाबत पुढे जाणाऱ्या लाटेचा, वेग (सेकंदाला किलोमीटर) यांचा गुणाकार करावा; दोन थरांच्या सीमेवर लाटेचे काय होते ते यावरून कळते. कठीण काळ्या दगडासाठी 2.8 × 5 म्हणजे 14 आणि पाण्याने भरलेल्या मातीसाठी 1.9 × 1.5 म्हणजे सुमारे 2.85 धरू. लाट दगडातून काटकोनात मातीत शिरली, तर सीमेपलीकडे ताण सुमारे 34 टक्केच उरतो, पण कणांचा वेग, म्हणजे लाट जाताना जमीन जागच्या जागी ज्या वेगाने हलते तो, जवळजवळ 1.7 पट होतो. ताण घटला म्हणून निश्चिंत होणे इथेच नडते, कारण भिंतींचे नुकसान कणांच्या वेगावरूनच जोखतात. उलट, मातीतून खडकात शिरताना ताण वाढतो.

मऊ थराची स्वतःची कंपनसंख्याही (सेकंदाला किती कंपने, म्हणजे हर्ट्झ) काढावी: कातरलाटेचा, म्हणजे जमीन आडवी हलवत जाणाऱ्या लाटेचा, वेग भागिले जाडीची चौपट. वेग सेकंदाला 200 मीटर आणि जाडी 5 मीटर असेल, तर उत्तर 10 हर्ट्झ येते आणि बैठ्या वा दुमजली घरांची कंपने याच्याच आसपास असतात, म्हणजे दोन्ही जुळून हादरा वाढू शकतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात खाणमालकाच्या नसलेल्या घरांसाठी 8 हर्ट्झखाली सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झला 10 आणि त्यापुढे 15 अशी कणांच्या वेगाची मर्यादा आहे. म्हणून हादऱ्याच्या मोजणीच्या अहवालात कणांच्या वेगासोबत कंपनसंख्या नसेल तर तो परत करावा.

हादरा मोजणारा मापक घराच्या पायाशेजारी घट्ट जमिनीत बसवून घ्यावा, माडीवर किंवा सैल भरावावर नव्हे. एक मोजणी मे महिन्यात आणि दुसरी पावसाळ्यानंतर विहीर भरलेली असताना करावी, कारण कोरडी माती दाबलाट बरीच शोषते आणि पाण्याने भरलेली तितकी शोषत नाही.