एडब्ल्यूएस डेव्हलपर सर्टिफिकेट: घ्यावं का, आणि घ्यायचं तर कसं

एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनची क्लाउड सेवा. तिच्या डेव्हलपर सर्टिफिकेटच्या परीक्षेची १५० डॉलर फी आणि वर कर भरण्याआधी एक बघा: हे सर्टिफिकेट नेमकं कोणाला हवंय? एडब्ल्यूएसच्या पार्टनर कंपन्यांना वरची पातळी मिळवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. म्हणून क्लायंटची कामं करणाऱ्या सर्व्हिस कंपनीत त्याला रोख किंमत असते. तिथे फी कंपनी भरते का, हे एचआरला आधीच विचारा. स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीत मुलाखत कोडवर होते, सर्टिफिकेट फार तर पहिल्या चाळणीपुरतं कामाला येतं. फ्रेशर असाल तर आधी एक प्रोग्रामिंग भाषा आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) पक्कं करा.

डेव्हलपर असोसिएट या परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात. त्यातले १५ गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते कळत नाही. १००० पैकी ७२० ला पास. वजा गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ३० मिनिटं जादा मिळतात, आणि लांबलचक प्रश्न वाचताना ती फार उपयोगी पडतात. मात्र 'ईएसएल + ३०' ही सवलत सर्टिफिकेशन खात्यातून परीक्षा बुक करण्याआधी मागायची. बुक केल्यावर मागितली तर त्या परीक्षेला ती लागत नाही.

तयारी व्हिडिओ बघून होत नाही, हात घालावा लागतो. नवीन खातं उघडलं की पहिल्यांदा रूट यूझरला (खात्याच्या मुख्य लॉगिनला) एमएफए, म्हणजे पासवर्डशिवायची दुसरी पडताळणी, लावा आणि खर्च वाढला की कळवणारा बजेट अलर्ट ठेवा. सराव झाल्यावर नॅट गेटवे (खाजगी नेटवर्कमधून इंटरनेटवर जायची वाट) काढायचा राहून जातो आणि काही काम नसतानाही त्याचं तासाला बिल चढत राहतं. मग एक छोटी साखळी बांधा: एपीआय गेटवे (बाहेरून विनंत्या घेणारं दार), लॅम्बडा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा), एसक्यूएस (मेसेजची रांग), डायनॅमोडीबी (डेटाबेस). ती मुद्दाम बिघडवून बघा. लॅम्बडाचा टाइमआउट ६० सेकंद ठेवून ३० सेकंद व्हिजिबिलिटी टाइमआउटची (उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहण्याच्या वेळेची) एसक्यूएस रांग जोडायला गेलात, तर जोडणीच नाकारली जाते. कारण काम चालू असतानाच मेसेज पुन्हा दिसू लागला, तर तो दुसऱ्यांदा उचलला जाईल. म्हणून रांगेचा वेळ लॅम्बडाच्या टाइमआउटच्या किमान सहापट, म्हणजे इथे ३६० सेकंद ठेवायचा. हे एकदा हाताने केलं की असे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत.

डायनॅमोडीबीच्या गणितात पुष्कळ जण घसरतात. एक रीड युनिट म्हणजे सेकंदाला ४ केबीपर्यंतचं एक स्ट्राँगली कन्सिस्टंट, म्हणजे हमखास ताजा डेटा देणारं, वाचन. ६ केबीची नोंद सेकंदाला १० वेळा वाचायची असेल, तर ६ चे वर ८ केबी धरा, म्हणजे प्रत्येकी २ युनिट, एकूण २०. इव्हेंच्युअली कन्सिस्टंट, म्हणजे क्वचित किंचित जुना डेटा देऊ शकणाऱ्या, वाचनाला निम्मी, १०. लिहिताना मोजमाप १ केबीचं, तेव्हा तेवढ्याच लिखाणाला ६० लागतील. बेरजेआधी प्रत्येक नोंद वरच्या पटीत न्यायची, हे विसरलं की उत्तर चुकतं, आणि ते चुकलेलं उत्तरही पर्यायांत ठेवलेलं असतं.

बाजारात मिळणाऱ्या डम्प्सना, म्हणजे परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांच्या संचांना, हात लावू नका. नियमभंग म्हणून सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि मुलाखतीत 'व्हिजिबिलिटी टाइमआउट का वाढवला?' एवढ्या प्रश्नावर सगळं उघडं पडतं.

नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, कुठे आडनाव आधी छापलेलं असतं. स्पेलिंग आणि क्रम दोन्ही आधीच तपासा. परीक्षा घरून ऑनलाइन किंवा केंद्रावर देता येते; घरी वीज किंवा नेट बेभरवशाचं असेल तर सरळ केंद्र निवडा. घरून देताना टेबल रिकामं लागतं आणि खोलीत दुसरं कोणी आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते.

नापास झालात तर १४ दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण. पास झाल्यावर पुढच्या परीक्षेला निम्म्या फीची सवलत मिळते. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. रेझ्युमेमध्ये त्याच्या शेजारीच त्या साखळीच्या कोडची लिंक द्या.