मीडियम फॉरमॅटवर काम करताय? मग परवडणारा बॅकअप असा जमवा

पैठणीचे कॅटलॉग, दागिने, वेरूळची मोठी प्रिंट असली कामं करायला तुम्ही सेकंडहँड फुजी जीएफएक्स ५०एस किंवा ५०आर (नेहमीच्या डीएसएलआरपेक्षा मोठ्या सेन्सरचे मीडियम फॉरमॅट कॅमेरे) घेतली असेल तर पुढचा प्रश्न येतोच, शूटच्या दिवशी ही बंद पडली तर काय. भाड्यानं आणायची म्हटलं तर बहुतेकदा पुणे-मुंबईच गाठावं लागतं, आणि नांदेडहून मुंबई म्हणजे अख्खी रात्र गेली. त्यामुळं बॅकअप आपल्या बॅगेतच पाहिजे, पण त्यासाठी दुसरी मीडियम फॉरमॅट बॉडी घ्यायची काहीच गरज नाही.

सुरुवात छोट्या वस्तूंपासून करा, कारण काम अडतं ते बॅटरी, कार्ड, कॉम्प्युटरला जोडायची केबल आणि फ्लॅश उडवायच्या ट्रिगरपायी. ५०एस आणि ५०आरला एनपी-टी१२५ बॅटरी लागते, ती शेजारच्या फोटोग्राफरकडं मिळायची नाही, म्हणून ओरिजिनल जास्तीची घेऊनच ठेवा. ५०एस टू असेल तर बरंय, तिची एनपी-डब्ल्यू२३५ एक्स-टी४, एक्स-टी५ ला पण चालते. पेंटॅक्सच्या मीडियम फॉरमॅट ६४५झेडची बॅटरी त्यांच्याच के-१ या डीएसएलआरला चालते. कार्डाचे दोन्ही स्लॉट बॅकअप मोडवर टाका, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडं जातो. कॉम्प्रेस न केलेली एक रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) १०० एमबीच्या वर जाते, म्हणून लॉसलेस कॉम्प्रेस्ड ठेवा, क्वालिटीत काही कमी होत नाही आणि कार्ड जवळजवळ दुप्पट पुरतं.

आता बॉडी. इथं माझं मत एकदम पक्कंय, रिव्ह्यू नंतर वाचा, आधी तुमच्या गावातले लग्नाचे फोटोग्राफर काय वापरतात ते बघा आणि तीच सिस्टीम घ्या. निकॉनची ईएन-ईएल१५ आणि कॅननची एलपी-ई६ या बॅटऱ्या कितीतरी मॉडेलना चालतात, त्यामुळं अडीअडचणीला लातूर काय न् परभणी काय, कुणाकडून तरी बॅटरी, चार्जर, लेन्स मिळून जाते. हीच आपल्याकडची खरी सर्व्हिस.

निकॉनमध्ये डी८१० (३६ मेगापिक्सेल) नाहीतर बजेट असेल तर डी८५०. डी८५० चा फोटो ८२५६ पिक्सेल रुंद येतो आणि जीएफएक्स ५०एस चा पण तेवढाच, फरक फक्त उंचीत पडतो, ५५०४ आणि ६१९२. ४:३ मध्ये कापला तरी ४० मेगापिक्सेल उरतात. कॅननमध्ये ५डीएस बघा, ५० मेगापिक्सेलची आहे. कापडाचं काम असेल तर ५डीएस आर नको, साधी ५डीएसच घ्या, कारण तिच्यात लो-पास फिल्टरचं (बारीक डिटेल किंचित मऊ करणारा थर) काम चालू असतं आणि बारीक विणीवर, जरीवर मोआरेच्या म्हणजे नको त्या रंगीत पट्ट्यांच्या लाटा कमी येतात. या तिन्हींत एसडी स्लॉट आहे, म्हणजे कार्डं तुमचीच चालतात.

जीएफच्या म्हणजे जीएफएक्सच्या लेन्स फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या वरच्या बॉड्यांवर) बसत नाहीत हे धरून चाला. फोकल लेंथला ०.७९ नं गुणायचं, म्हणजे ६३ एमएमच्या जागी ५०, ११० च्या जागी ८५. दोन्ही एफ १.८ च्या घेतल्या की भागतं, दागिन्यांना मॅक्रो लागेल ती ओळखीत मागा. ट्रिगर बघून घ्या, प्रत्येक कंपनीचा वेगळा येतो, फुजीचा दुसऱ्या बॉडीवर मॅन्युअलला बऱ्याचदा फायर होतो पण टीटीएल (फ्लॅशची पॉवर आपोआप ठरणं) विसरा. ५०एस ची यूएसबी ३ मायक्रो केबल डी८१० ला चालते, ५०आर ची टाइप-सी चालणार नाही. हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेचा मीडियम फॉरमॅट वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, तिथं लेन्समधल्या शटरमुळं १/२००० सेकंदाला पण फ्लॅश मिळतो, डी८५० वर १/२५० च, म्हणून भर उन्हातल्या कामाला एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) बॅगेत पाहिजे.

सेकंडहँड घेताना शटर काउंट म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं ते बघा (डी८१० चं शटर २ लाखांचं, ५डीएस चं दीड लाखाचं), एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघा, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड टाकून बघा, बिलावरचा आणि बॉडीवरचा सिरीयल नंबर जुळवा. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ लई बारीक असते, डायल आणि बटणं फिरवून, दाबून बघा.

घरी आणल्यावर एकाच लाइटमध्ये, एकाच साडीवर दोन्ही कॅमेऱ्यांनी कलर चार्टचा फोटो काढून रंग जुळवणारं प्रोफाइल बनवा. हे काम शूटच्या आधीच करायचं, कारण पैठणीचा रंग मधूनच बदलला तर क्लायंट पूर्ण कॅटलॉग परत करतो. मग एखादा छोटा शूट मुद्दाम पूर्ण बॅकअपवरच करा, केबल-ट्रिगरसकट.

एवढं पण बजेट नसेल तर निकॉनची डी७५० घ्या. १२ बाय १८ इंचाच्या पानाला ३०० डीपीआयनं ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात आणि ती ६०१६ बाय ४०१६ देते. मोठी आर्ट प्रिंट कबूल केली असेल तर मात्र ३६ मेगापिक्सेलच्या खाली जाऊ नका.